खारपाणपट्ट्यांतील एक मोटारप्रवास

वऱ्हाडचें नांव निघालें म्हणजे वाचकांच्या डोळ्यांपुढें बहुधा काळी कसदार जमीन, पांढराशुभ्र कापूस आणि शेगांवच्या श्रीगजानन महाराजांचें समाधिमंदिर एवढ्या तीन गोष्टी उभ्या राहतात. परंतु शेगांवची यात्रा करून परतणाऱ्या सहस्रावधि भाविकांपैकीं तेथून उत्तरेकडे वळून पूर्णा नदी ओलांडणारे फारच थोडे. ती ओलांडल्यावर लौकरच बुलढाणा जिल्ह्यांतील संग्रामपूर तालुका लागतो. दक्षिणेस पूर्णा, उत्तरेस सातपुड्याची निळी रांग, पूर्वेस अकोला जिल्ह्यांतील तेल्हारा आणि पश्चिमेस जळगांव जामोद, अशा चतुःसीमेंत वसलेला हा मुलूख प्रवासवर्णनांत क्वचितच येतो. गेल्या वैशाखांत आम्हांस तेथें जाण्याचा योग आला. आणि मोटारीच्या एका लहानशा अवयवानें वाटेंत असहकार पुकारल्यामुळें तो मुलूख घाईनें न पाहतां सावकाश पाहण्याचाहि योग आला. हल्लीं घरोघर मोटार झाली आहे. तेव्हां तो मुलूख आणि तो अवयव या दोहोंविषयीं चार शब्द लिहिले तर ते वाचकांच्या उपयोगीं पडतील, असें वाटतें.

संग्रामपूर हें नांव ऐकून तलवारी आठवाव्या हें साहजिक आहे. पण या भूमींत अहर्निश चालणारा संग्राम गोड्या आणि खाऱ्या पाण्याचा आहे. सातपुड्याच्या पायथ्याशीं दगडगोट्यांची भर आहे. तिच्यांतून पावसाचें पाणी सहज झिरपतें, म्हणून तिकडील विहिरी गोड, आणि त्यांच्या बळावर संत्र्यांच्या हिरव्यागार बागा उभ्या आहेत. तेथून जसजसें पूर्णेकडे उतरावें तसतशी शेकडों फूट जाडीची गाळाची जमीन लागते. तिच्यांतून पाण्याचा निचरा होत नाहीं; क्षार मात्र सांचत राहतात. विहीर खणावी तो पाणी लागतें, आणि ओंजळभर तोंडांत घ्यावें तो थुंकून टाकावें लागतें. यालाच लोक ‘खारपाणपट्टा’ म्हणतात. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत मिळून जवळजवळ नऊशें गांवें त्यांत मोडतात. याच जिल्ह्यांत लोणारचें खारें सरोवर आहे. अशनिपातानें झालेलें तें विवर पाहावयास देशोदेशींचे विद्वान् येतात. पण पूर्णाकांठच्या विहिरींतील खारेपणा पाहावयास कोण येणार? त्याची ओळख तेथें नांदणाऱ्या गृहिणीलाच असते. त्या पाण्यांत डाळ शिजतां शिजत नाहीं, साबणाला फेंस येत नाहीं, हंड्याच्या बुडाशीं पांढरा थर धरतो, आणि पिकाला तें देत राहिलें तर जमीन निबर होऊन बसते. मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारीहि या भागांतून वारंवार ऐकूं येतात.

आमच्या मंडळींत आम्ही उभयतां, आमच्या वहिनी, खामगांवीं राहणारा आमचा पुतण्या आणि त्याची दहा वर्षांची कन्या एवढीं माणसें होतीं. वहिनींचें वय आतां अठ्ठ्याहत्तर. त्यांचें माहेर याच तालुक्यांतलें. वान नदीच्या कांठीं वारी येथें श्रीहनुमंताचें जें प्रसिद्ध स्थान आहे, त्याचें दर्शन डोळे चांगले आहेत तोंवर एकदां घ्यावें, अशी त्यांची दोन वर्षांपासूनची इच्छा होती. पहांटे खामगांवाहून निघून शेगांवीं दर्शन घेतलें आणि ऊन चढण्यापूर्वीं वरवट बकालवरून संग्रामपूर, सोनाळा असें करीत वारीस पोहोंचावें, असा बेत केला. वैशाखांत या बाजूस पारा ४५ अंशांस टेंकतो. म्हणून उन्हाच्या आधीं सांवली गांठणें हा येथील प्रवासाचा पहिला नियम समजावा.

पूर्णेचा पूल मागें टाकून कांहीं वेळ झाला असेल नसेल, तोंच गाडीच्या पुढील भागांतून एक बारीक किरकिर ऐकूं येऊं लागली. गति वाढवावी तों ती वाढे, कमी करावी तों ती मंदावे. थोड्याच वेळांत पुतण्या म्हणाला, “काका, कांटा वर चढतो आहे.” इंजिनाची उष्णता दाखविणारा कांटा, जो एरवीं मध्यावर शांतपणें बसलेला असतो, तो तांबड्या रेघेकडे सरकत होता, आणि गाडींत गुळचट असा एक वास येऊं लागला होता. पुतण्यानें तत्काळ थंड हवेचें यंत्र बंद केलें, गति कमी केली, आणि ज्या यंत्रानें थंडीच्या दिवसांत गाडींत ऊब आणतात तें पूर्ण जोरावर लावलें. भर वैशाखांत हा उपाय पाहून वहिनी उद्गारल्या, “अरे, आधींच भट्टी, तिच्यांत आणखी फुंकर कशाला?” परंतु यांत युक्ति आहे. तें ऊब देणारें यंत्र इंजिनांतल्याच तापलेल्या पाण्यावर चालतें. तें लावल्यानें इंजिनाची कांहीं उष्णता बाहेर पडते. आश्चर्याची गोष्ट ही कीं, इंजिन इतकें तापलें असतांहि त्यांतून ऊन वारा येईना. याचा अर्थ उघड होता. इंजिनांतलें पाणी फिरत नव्हतें, किंवा फिरण्याइतकें उरलें नव्हतें. समोर रस्त्याच्या कडेला एक मोठें कडुनिंबाचें झाड होतें. कांटा तांबड्या रेघेस शिवण्यापूर्वीं गाडी त्याच्या छायेंत उभी करून इंजिन बंद केलें.

येथें कथा क्षणभर थांबवून, मोटारीला पाणी लागतेंच कशाला, हें सांगणें अवश्य आहे. इंधन जळतांना इंजिनाच्या नळकांड्यांत क्षणमात्र दोन हजार अंशांहूनहि अधिक उष्णता उत्पन्न होते. आणि ज्या ॲल्युमिनियमचें इंजिनाचें डोकें बनवितात तें तर ६६० अंशांवरच वितळतें. ती धातु वितळत नाहीं याचें कारण एवढेंच कीं, इंधनाच्या उष्णतेपैकीं ढोबळमानानें एक तृतीयांश भाग भोंवतीं फिरणारें पाणी सतत उचलून नेत असतें. तें पाणी पुढील जाळीदार टांकींत, म्हणजे रेडिएटरांत, जाऊन वाऱ्यानें थंड होतें आणि पुन्हां इंजिनाकडे येतें. संस्कृतांत ‘यन्त्र’ हा शब्द ‘यम्’ म्हणजे आवरणें या धातूपासून झालेला आहे. जें शक्तीला आवरून धरतें तें यंत्र. मोटारीच्या बाबतींत हें आवरण्याचें काम पाणी करतें. आणि पाण्याला फिरतें ठेवणारा जो पंप, तो या इंजिनाचा रहाट होय. रहाट हा शब्द ‘अरघट्ट’ या संस्कृत शब्दाचेंच मराठी रूप आहे. फरक इतकाच कीं, विहिरीवरचा रहाट बैल फिरवीत, आणि हा इंजिन स्वतःच एका पट्ट्याच्या साहाय्यानें फिरवितें.

मोटारीच्या आरंभकाळीं हा पंप नसे. कार्ल बेंझ यांनीं १८८६ सालीं जी गाडी केली, तिच्यांत पाणी नुसतें उकळून वाफ होऊन जात असे. १८८८ सालीं त्यांच्या पत्नी बर्था बेंझ आपल्या दोघां मुलांस घेऊन मानहाइमहून फोर्ट्सहाइम येथें आपल्या माहेरीं तशाच गाडींतून गेल्या. शंभर किलोमीटरांहून अधिक लांबीचा तो प्रवास मोटारीचा पहिला लांब प्रवास मानतात. त्या प्रवासांत बाईंना मिळेल तेथून पाणी घेऊन गाडीची तहान पुनःपुन्हां भागवावी लागली. पुढें फोर्ड कंपनीची ‘मॉडेल टी’ गाडी निघाली, तेव्हां सुरुवातीच्या कांहीं गाड्यांस पंप होता. नंतर तो काढून टाकला, आणि तापलेलें पाणी हलकें होऊन वर चढतें व थंड झालेलें खालीं उतरतें, एवढ्या निसर्गनियमावरच त्या गाड्या वर्षानुवर्षें चालल्या. इंजिनें जसजशीं जोरकस होत गेलीं तसतसा तो नियम अपुरा पडला आणि पंप कायमचा आला. या पंपाची जात आपल्या शेतकऱ्याच्या चांगल्या परिचयाची आहे. आंत पाकळ्यांचें चाक गरगर फिरतें, आणि केंद्राशीं आलेलें पाणी परिघाकडे भिरकावलें जाऊन पुढें ढकललें जातें. किर्लोस्करवाडीस १९२६ सालापासून असे केंद्रोत्सारी पंप होऊं लागले, आणि महाराष्ट्रांतील कित्येक विहिरींवरची मोट त्यांनीं उतरविली. मोटारींत तोच पंप मुठीएवढा होऊन बसला आहे. इंजिनांत असलेलें पांच-सात लिटर पाणी तो एका मिनिटांत अनेक वेळां फिरवून आणतो.

असो. आम्ही निंबाखालीं बसलों तों शेजारच्या शेतांतून एक वृद्ध शेतकरी आले. रामराम झाला, आम्ही शाळामास्तर होतों हें कळतांच ‘गुरुजी’ हें संबोधन सुरू झालें. त्यांचा नातू लगबगीनें बोअरच्या पाण्याची बादली घेऊन गाडीकडे निघाला, तों म्हाताऱ्यानें त्याचा हात धरला आणि आम्हांस म्हटलें, “हे पानी गाडीले पाजू नका, गुरुजी. आमाले इलाज नव्हता, गाडीले हाये.”

या एका वाक्यानें आम्ही स्तब्ध झालों. जें पाणी लोखंडाला सोसत नाहीं तें माणसांनीं पिढ्यान् पिढ्या प्यावें, आणि त्या माणसानेंच तें आपल्याला इतक्या सहज, तक्रारीचा सूरहि न लावतां सांगावें! वहिनी मात्र चकित झाल्या नाहींत. त्या म्हणाल्या, “आमच्या लहानपणीं पाहुण्याच्या पुढें गोड्या पाण्याचा तांब्या ठेवला म्हणजे तो मोठा मान समजत. तें पाणी लांबून बैलगाडीवर यायचें. घरच्यांनीं आपलें विहिरीचें प्यावें. मी लग्न होऊन सासरीं आलें, तेव्हां पहिल्या दिवशीं वरण इतक्या लौकर शिजलें कीं मी घाबरलें. म्हटलें, डाळींत कांहीं तरी चुकलें!” आमच्या घरांत त्यांस येऊन साठ वर्षें होत आलीं, पण ही गोष्ट आम्हीं त्या झाडाखालीं प्रथमच ऐकली.

म्हाताऱ्याच्या घरीं विकत घेतलेल्या शुद्ध पाण्याचा जार होता. हल्लीं या भागांत यंत्रानें क्षार काढलेलें पाणी अशा जारांतून घरोघर विकत घेतात. त्यांतलें पाणी त्यांनीं आणवून ठेवलें. पण तें लगेच ओतावयाचें नसतें. रेडिएटरचें झांकण आणि आपल्या स्वयंपाकघरांतील प्रेशर कुकरचें झांकण हीं एकाच जातीचीं. आंत दाब असल्यामुळें तेथील पाणी शंभर अंशांवर न उकळतां सुमारें १२० अंशांपर्यंत द्रवरूप राहूं शकतें. झांकण सैल होतांच दाब जातो आणि तें सगळें एकदम उकळून तोंडावर उसळतें. असे भाजलेले लोक आम्हीं पाहिले आहेत. तसेंच, लालबुंद तव्यावर पाणी शिंपडावें त्याप्रमाणें तापलेल्या इंजिनांत गार पाणी ओतलें, तर त्याच्या डोक्याला चीर जाण्याचें भय असतें. म्हणून पाऊण तास थांबून, वरची नळी हाताला कोमट लागल्यावर, झांकणावर जाड फडकें टाकून तें हळूहळू उघडलें, आणि मग जारांतलें पाणी ओतलें.

इतक्यांत गाडीच्या खालीं गुलाबी रंगाचे थेंब पडून लहानसें डबकें झालें होतें, आणि एक वासरूं तें चाटावयास आलें होतें. पुतण्यानें त्यास हाकललें व डबक्यावर माती ओढली. रेडिएटरांत पाण्याबरोबर जें औषध घालतात, ज्यास कूलंट म्हणतात, त्यांत बहुधा एथिलीन ग्लायकॉल नांवाचें द्रव्य असतें. तें चवीला गोड पण विषारी आहे. गुरें, कुत्रीं आणि लहान मुलें त्याच्या गोडीस फसतात. म्हणून त्याचा डबा घरांत मुलांच्या हातीं लागेल असा कधींहि ठेवूं नये. रंगाचा उपयोग मात्र चांगला होतो. थंड हवेच्या यंत्रांतून गळणारें पाणी स्वच्छ व बिनवासाचें असतें. गुलाबी, हिरवा किंवा नारिंगी चिकट थेंब दिसला तर तो इंजिनाच्या पाण्याचाच, हें निश्चित समजावें.

पाणी भरून इंजिन क्षणभर चालू केलें, तों पट्ट्याच्या पुढच्या चक्रामागून धार लागली. आतां पुढें जाणें म्हणजे इंजिन गमावणें, हें स्पष्ट होतें. डोकें वांकडें झालें, किंवा त्याखालचें गॅस्केट जळलें, म्हणजे पंपाच्या किमतीच्या कित्येक पट खर्च येतो; आणि त्याहून वाईट गोष्ट ही कीं, असल्या उन्हांत म्हातारें माणूस घेऊन निर्जन रस्त्यावर अडकावें लागतें. म्हाताऱ्यांनीं स्त्रियांस व मुलीस आपल्या घरीं नेलें. आम्ही आणि पुतण्या ट्रॅक्टरच्या मागें गाडी बांधून वरवट बकालच्या मिस्त्रीकडे गेलों.

मिस्त्री तिशींतला तरुण, पण हात मोठा सावध. त्यानें प्रथम पाना न उचलतां बॅटरीचा उजेड पंपावर पाडला. पंपाच्या पोटाशीं एक बारीक छिद्र असतें. तें मुद्दाम ठेवलेलें असतें. पंपाचा दांडा ज्या बेअरिंगवर फिरतो तिच्यापर्यंत पाणी जाऊं नये म्हणून मध्यें एक सील असतें. तें झिजूं लागलें कीं पाणी त्या छिद्रावाटें बाहेर झिरपतें आणि मालकास आगाऊ सूचना देतें. त्या छिद्राखालीं पांढरट-गुलाबी ओघळ सुकून खपलीसारखा बसला होता. मग त्यानें पट्टा सैल करून चक्र दोन बोटांनीं धरलें व हलविलें, तों तें डगमगलें. “सील गेलं, मंग पानी बेअरिंगमंधी गेलं, मंग बेअरिंग बोलाले लागली,” असें त्यानें निदान सांगितलें. आम्हांस तें वैद्याच्या निदानासारखें वाटलें. कारण रोगाचा क्रम त्यांत जसाचा तसा होता. किरकिर ही रोगाची पहिली अवस्था नव्हे, शेवटची होय. पहिली अवस्था म्हणजे तो न बोलणारा थेंब.

त्यानें आणखी एक गोष्ट केली, ती आम्हांस विशेष आवडली. दोष पंपाचाच आहे असें धरून न चालतां त्यानें इतर कारणेंहि तपासलीं. गाडी तापते याचीं कारणें अनेक असतात. रेडिएटरमागचा विजेचा पंखा बंद पडला असेल, तर गाडी उभी असतां तापते आणि वेगानें जातांना निवते. पाणी ८०-९० अंश तापल्यावर उघडणारी जी झडप असते ती मिटलेली राहिली, तर थेंबहि न गळतां कांटा चढतो. रबरी नळी फुटली तर गळती नळीच्या तोंडाशीं दिसते. आणि धुराड्यांतून गोड वासाचा पांढरा धूर सारखा येऊं लागला, किंवा इंजिनच्या तेलाला दुधाळ रंग आला, तर गॅस्केट गेलें असें समजून गाडी जागची हलवूं नये. आमच्या गाडींत यांपैकीं एकहि लक्षण नव्हतें. पंप काढून त्यानें आमच्या हातीं दिला. आंतल्या पाकळ्या तांबेरून झिजल्या होत्या आणि कडेनें पांढऱ्या क्षाराचा थर बसला होता. तो पाहून मिस्त्री म्हणाला, “या गाडीनं कधी तरी खारं पानी पेलं हाये, गुरुजी.” गाडी दोन वर्षांपूर्वीं दुसऱ्याकडून घेतलेली, पूर्वीं ती कोठकोठें पाणी प्यायली होती तें त्या पंपावर लिहिलेलें होतें. क्षारांचा थर उष्णतेची वाट अडवितो, त्याचे कण सीलला कानशीप्रमाणें घांसतात, आणि मिठांतील क्लोराइड ॲल्युमिनियमला आंतून पोखरतें. म्हणून रेडिएटरांत शुद्ध केलेलें पाणी आणि योग्य कूलंट यांखेरीज कांहींहि घालूं नये. अडचणीच्या वेळीं जारांतलें शुद्ध पाणी चालेल, गाळून घेतलेलें पावसाचें पाणी चालेल. विहिरीचें व बोअरचें पाणी, निदान या पट्ट्यांत, शेवटचा उपाय समजावा, आणि तें घातलेंच तर घरीं पोहोंचतांच आंतील सर्व पाणी बदलून घ्यावें.

नवा पंप खामगांवाहून एस. टी. बसनें दुपारीं चारच्या सुमारास आला. मिस्त्रीनें जुनें गॅस्केट खरवडून जागा आरशासारखी स्वच्छ केली, नवें बसविलें, आणि पट्टाहि नवाच घातला. आमच्या गाडींत पंप बाहेरच्या पट्ट्यावर होता, म्हणून काम सोपें झालें. कित्येक गाड्यांत तो इंजिनाच्या आंतील टायमिंग पट्ट्यावर असतो. तेथें तो पट्टा बदलावयाच्या वेळींच पंपहि बदलून घ्यावा, कारण दोहोंस मजुरी एकच पडते. शेवटीं आंत अडकलेली हवा काढण्यासाठीं त्यानें झांकण उघडें ठेवून इंजिन चालविलें, बुडबुडे थांबेपर्यंत धीर धरला, आणि मगच पातळी पुरी केली. सूर्य कलतांना कांटा आपल्या जुन्या जागीं, मध्यावर, येऊन बसला.

म्हाताऱ्यांच्या घरीं परतलों तों वहिनी ओटीवर आपल्या घरीं बसाव्या तशा बसल्या होत्या. घरच्या बाईंनीं ज्वारीची भाकर, झुणका, ठेचा आणि आमरस असा पाहुणचार केला होता. दोघी समवयस्क, कोणत्या गांवची कोणती विहीर त्यांतल्या त्यांत गोडी होती, याची उजळणी चालली होती. आमची नात हें सर्व ऐकत होती. तिला नळाचें पाणी येतें एवढेंच ठाऊक. विहिरींना चवी असतात हें तिला तेथें कळलें. त्या रात्रीं त्यांनीं आम्हांस जाऊं दिलें नाहीं. निघतांना पैशाचा विषय काढला, तो त्यांनीं हातानेंच परतविला.

दुसऱ्या दिवशीं पहांटे संग्रामपूर मागें टाकून सोनाळ्याकडे निघालों. जसजसा सातपुडा जवळ येत गेला तसतसा शेतांचा रंग बदलला. कापसाचीं मोकळीं रानें संपून बागा सुरू झाल्या. पाटाला वाहतें पाणी दिसूं लागलें. सोनाळ्यास संत सोनाजी महाराजांचें दर्शन घेतलें. उत्तरेच्या डोंगरांत अंबाबरवा अभयारण्य आहे. तें मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचाच भाग असून याच तालुक्यांत मोडतें. वारी हें स्थान सीमेपलीकडे, तेल्हारा तालुक्यांत आहे. वान नदी डोंगर सोडून मैदानांत उतरते तेथें हें मंदिर आहे. येथील मारुतीची स्थापना समर्थ रामदासस्वामींनीं केली, अशी भाविकांची श्रद्धा आहे. वहिनींनीं दर्शन घेतलें, आणि नंतर बराच वेळ पाण्याकडे पाहत उभ्या राहिल्या.

तेथेंच वानेवर धरण बांधलेलें आहे. त्याच्या जलाशयास हनुमान सागर म्हणतात. डोंगरांतलें हें गोडें पाणी नळांनीं खालच्या खाऱ्या पट्ट्यांत नेण्याच्या योजना झाल्या, आणि संग्रामपूर व जळगांव जामोद या तालुक्यांतील गांवांसहि त्या पाण्याचा आधार मिळाला. वास्तविक आपण मोटारींत जें करतों तेंच हें मोठ्या प्रमाणावर आहे. एका ठिकाणचें चांगलें पाणी नळींतून दुसऱ्या ठिकाणीं नेऊन तेथील दाह शमवावयाचा. आणि त्यांतील दोषहि तेच. नळी फुटते, पंप बंद पडतो, वीज जाते, शेताला किती आणि पिण्याला किती यावरून ओढाताण होते. आणि मग शेवटच्या टोंकाच्या गांवीं पुन्हां जार विकत घ्यावा लागतो, किंवा ज्याला तो परवडत नाहीं त्याला जुन्या विहिरीकडे वळावें लागतें. मोटारीचा पंप गेला तर एका दिवसांत नवा आणतां येतो. गांवाचा पंप बंद पडला तर त्याची किरकिर लौकर कोणाच्या कानीं जात नाहीं.

आतां घरांत मोटार बाळगणाऱ्या आमच्या वाचकांस दोन शब्द. आठवड्यांतून एकदां, सकाळीं इंजिन थंड असतां, गाडी उभी होती तेथील जमीन पाहावी आणि कूलंटच्या डब्यावरील दोन रेघांमध्यें पातळी आहे कीं नाहीं तें पाहावें. घरांतील एखाद्या मुलाकडे हें काम सोंपवावें. त्यास तें आवडतें आणि निरीक्षणाची संवय लागते. पातळी पुनःपुन्हां उतरत असेल तर नुसतें भरीत राहूं नये. तें पाणी कोठें जातें याचा शोध करावा. पंप साधारणपणें लाखभर किलोमीटर चालतो, पण पाणी वाईट असेल तर त्याच्या पुष्कळ आधींच जातो. उन्हाळ्यांत लांबच्या प्रवासास निघण्यापूर्वीं पट्टा, नळ्या आणि पंपाखालचें तें छिद्र मिस्त्रीकडून पाहून घ्यावें. पांच लिटर शुद्ध पाण्याचा डबा गाडीसाठीं आणि तेवढाच माणसांसाठीं निराळा बरोबर ठेवावा. कांटा चढूं लागला तर थोडेंच अंतर उरलें आहे असें म्हणून पुढें जाऊं नये. सांवली पाहून थांबावें.

आणि कधीं शेगांवास गेलांत, तर वेळ काढून पूर्णेच्या पलीकडे अवश्य जावें. तिकडे भव्य प्रासाद नाहींत कीं गाजलेलीं लेणीं नाहींत. पण कोणाच्या ओटीवर बसलांत आणि आपल्यापुढें पाण्याचा तांब्या आला, तर तो उष्टा करून अर्धा ओतून देऊं नये. लागेल तेवढेंच घ्यावें, आणि घेतलेलें पुरतें प्यावें.